विश्लेषण : डीएनएच्या आधी कोळसा! रोझलिंड फ्रँकलिन यांचे संशोधन आजच्या बॅटरीत कसे पोहोचले?

रोझलिंड फ्रँकलिन हे नाव काढले की डीएनए, ‘छायाचित्र ५१’ आणि डावलले गेलेले श्रेय एवढेच आठवते. मात्र डीएनएकडे वळण्यापूर्वी जवळपास नऊ वर्षे त्यांनी कोळसा आणि कार्बनचा अभ्यास केला. कितीही तापवले तरी काही कार्बनचे ग्राफाइट का होत नाही, या प्रश्नाचा त्यांनी छडा लावला. आज मोबाइल आणि ई-वाहनांच्या लिथियम बॅटरीत प्रामुख्याने ग्राफाइट वापरतात, तर नव्या सोडियम बॅटरीत ‘हार्ड कार्बन’. या दोन कार्बनांतील मूलभूत फरक फ्रँकलिन यांनी १९५१मध्येच मांडला होता. बॅटरीवर त्यांनी स्वतः कधी काम केले नाही. तरीही बॅटरी संशोधकांना त्यांच्या निबंधापाशी पुन्हा पुन्हा का यावे लागते, ते समजून घेऊ.

कोण होत्या रोझलिंड फ्रँकलिन?

फ्रँकलिन यांचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमधील सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील एलिस फ्रँकलिन बँकिंग व्यवसायात होते आणि फावल्या वेळात कामगारांच्या महाविद्यालयात शिकवत. पाच भावंडांत रोझलिंड दुसऱ्या. मुलींना भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र नीट शिकवणाऱ्या शाळा त्या काळी लंडनमध्येही मोजक्याच होत्या. त्यांपैकी एक असलेल्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले.

१९३८मध्ये त्यांनी केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९४१मध्ये रसायनशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले. त्या वेळी केंब्रिजमध्ये स्त्रियांना परीक्षा देता येत असे, पण पुरुषांच्या बरोबरीची पदवी मिळत नसे. तो हक्क तिथे स्त्रियांना १९४८मध्ये मिळाला. पुढे नोबेल मिळवणारे रोनाल्ड नॉरिश यांच्या हाताखाली त्यांनी वर्षभर संशोधन केले, पण दोघांचे जमले नाही. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. युद्धाला उपयोगी पडेल असे काम करायचे किंवा सरकार देईल ते स्वीकारायचे, अशी तेव्हाच्या तरुण पदवीधरांची स्थिती होती.

कोळशाकडे कशा वळल्या?

१९४२मध्ये फ्रँकलिन लंडनजवळील ‘ब्रिटिश कोल युटिलायझेशन रिसर्च असोसिएशन’ या संस्थेत रुजू झाल्या. त्या वेळी ब्रिटनचे कारखाने, रेल्वे आणि घरातल्या शेगड्या कोळशावर चालत. विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांतही सच्छिद्र कार्बनच असे. सगळा कोळसा दिसायला काळाच, पण एका खाणीतला कोळसा वायू आणि द्रव सहज शोषून घेतो, तर दुसरीकडचा घेत नाही. असे का होते, याचा शोध घेण्याचे काम २२ वर्षांच्या फ्रँकलिन यांच्याकडे आले.

यासाठी त्यांनी वापरलेली पद्धत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल अशी होती. वस्तूची घनता काढायची तर तिचे आकारमान ठाऊक हवे. सच्छिद्र वस्तूचे आकारमान मोजताना तिच्या छिद्रांत कोणता पदार्थ शिरतो यावर उत्तर बदलते. हेलियमचा अणू अगदी लहान. तो बारीकात बारीक छिद्रांतही जातो. मिथेनॉल, बेन्झिन यांचे रेणू त्याहून मोठे. एकाच कोळशाचे आकारमान आधी हेलियमने आणि मग वेगवेगळ्या द्रवांनी मोजले, की त्या दोन उत्तरांतील फरकावरून छिद्रांची तोंडे किती अरुंद आहेत याचा अंदाज बांधता येतो.

कोळशातील ही छिद्रे रेणूंच्या मापाची आहेत, त्यामुळे कोळसा रेणूंची चाळण असल्यासारखा वागतो, असे फ्रँकलिन यांच्या मोजमापांतून पुढे आले. कोळसा जसजसा जास्त तापवावा तसतशी छिद्रांची तोंडे आणखी अरुंद होत जातात, हेही त्यांनी दाखवले. याच कामावर केंब्रिजने त्यांना १९४५मध्ये पीएचडी दिली. बाहेर विमानहल्ल्यांचे भोंगे वाजत असताना हे सारे चालले होते. नोकरी सांभाळून फ्रँकलिन हवाई हल्ल्यांच्या काळात वॉर्डन म्हणूनही काम करत.

पॅरिसमध्ये काय हाती लागले?

कोळशात छिद्रे आहेत हे कळले, पण छिद्रांच्या भिंती कशाच्या बनल्या आहेत? कार्बनचे अणू तिथे कसे रचलेले आहेत? हे पाहायचे तर क्ष-किरणांची गरज होती. केंब्रिजमध्ये भेटलेल्या फ्रेंच शास्त्रज्ञ एड्रिएन वेल यांच्या ओळखीतून पॅरिसचा रस्ता सापडला. फेब्रुवारी १९४७मध्ये फ्रँकलिन सीन नदीकाठच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत दाखल झाल्या. तिथे झाक मेरिंग हे अव्यवस्थित रचनेच्या पदार्थांवर क्ष-किरणांचे प्रयोग करत होते.

मिठाच्या खड्यासारखा सुबक स्फटिक क्ष-किरणांसमोर धरला तर फिल्मवर ठसठशीत ठिपके उमटतात. त्यावरून अणूंची मांडणी काढता येते. कोळशासारख्या पदार्थाचे मात्र नुसते पुसट, पसरट पट्टे दिसतात. बहुतेकांनी हात टेकलेल्या अशा चित्रांतून आकडे काढण्याचे तंत्र फ्रँकलिन यांनी आत्मसात केले. प्रत्येक पट्ट्याची तीव्रता काळजीपूर्वक मोजायची, दुसऱ्या कारणांनी आलेला भाग वजा करायचा आणि उरलेल्या वक्राशी गणित जुळवायचे, असे ते किचकट काम होते.

अन्न गुंडाळण्याच्या पातळ प्लास्टिकसाठी वापरला जाणारा पॉलिव्हिनिलिडीन क्लोराइड हा पदार्थ १००० अंश सेल्सियसला जाळून केलेल्या कार्बनचा त्यांनी हिशेब मांडला. त्यातला सुमारे ६५ टक्के कार्बन ग्राफाइटसारख्या सपाट पापुद्र्यांत होता. त्या पापुद्र्यांचा व्यास होता अवघा १.६ नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले की त्या किती लहान गोष्ट मोजत होत्या याची कल्पना येईल. यातले बरेच पापुद्रे जोडीजोडीने समांतर होते आणि त्यांच्यातले अंतर होते ०.३७ नॅनोमीटर. खऱ्या ग्राफाइटमध्ये हे अंतर ०.३३५ नॅनोमीटर असते. उरलेला ३५ टक्के कार्बन पूर्णपणे विस्कटलेला होता. ‘नॅनो’ हा शब्द विज्ञानात रुळण्याच्या कितीतरी आधीचे हे नॅनोपदार्थांचे मोजमाप म्हणावे लागेल.

१९५१चा निबंध काय सांगतो?

त्यानंतर फ्रँकलिन यांनी वेगवेगळ्या पदार्थांपासून केलेले कार्बन १००० पासून ३००० अंशांपर्यंत तापवले आणि टप्प्याटप्प्याने त्यांच्यात काय बदल होतो ते पाहिले. तोवर सर्वसाधारण समज असा होता की कार्बन पुरेसा तापवला की त्याचे कधी ना कधी ग्राफाइट होणारच. प्रत्यक्षात कार्बनचे सरळ दोन गट पडले.

पहिल्या गटातला कार्बन मऊ आणि भरीव. त्यातले इवलेसे पापुद्रे मुळातच जवळपास एका दिशेने रचलेले असतात. उष्णता वाढली की शेजारचे गठ्ठे सरकून एकमेकांना मिळतात, थर वाढत जातात आणि अखेर ग्राफाइट तयार होते. आपल्याकडे पाइपांसाठी वापरतात त्या पीव्हीसीपासून केलेला कार्बन या गटात येतो. पेट्रोलियम कोकही याच जातीचा. 

दुसऱ्या गटातला कार्बन कठीण आणि छिद्रांनी भरलेला. त्यातले पापुद्रे वाटेल त्या दिशांना तोंड करून असतात आणि त्यांच्यामध्ये घट्ट आडवे बंध असतात. हे बंध कार्बन तयार होण्याच्या सुरुवातीलाच पडतात. मूळ पदार्थात हायड्रोजन कमी किंवा ऑक्सिजन जास्त असेल तर ते पडण्याची शक्यता अधिक. एकदा बंध पडले की पापुद्र्यांना हलायला वाव राहत नाही. असा कार्बन ३००० अंशांपर्यंत तापवला तरी त्याचे ग्राफाइट होत नाही.

लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये १९५१मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. आज पहिल्या गटाला ‘सॉफ्ट कार्बन’ आणि दुसऱ्याला ‘हार्ड कार्बन’ म्हणतात. निबंध छापून आला तेव्हा फ्रँकलिन तिशीत होत्या आणि कार्बनच्या क्षेत्रात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला होता.

मग डीएनएचे काय झाले?

जानेवारी १९५१मध्ये फ्रँकलिन लंडनच्या किंग्ज कॉलेजात आल्या. आधी प्रथिनांवर काम ठरले होते, पण विभागप्रमुख जॉन रँडल यांनी त्यांना डीएनए दिले. तिथे मॉरिस विल्किन्स आधीपासून डीएनएवर काम करत होते. दोघांच्या अधिकारांची स्पष्ट वाटणी झाली नाही आणि सुरुवातीपासूनच बेबनाव झाला.

पुसट चित्रांतून रचना शोधण्याची पॅरिसमध्ये कमावलेली नजर इथे कामी आली. डीएनएच्या धाग्यातील पाण्याचे प्रमाण बदलले की त्याची ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन रूपे मिळतात, हे त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांनी वेगळे करून दाखवले. मे १९५२मध्ये गॉस्लिंग यांनी त्यांच्या देखरेखीखाली घेतलेले ‘छायाचित्र ५१’ हे ‘बी’ रूपाचे. ते जानेवारी १९५३मध्ये विल्किन्स यांनी फ्रँकलिन यांच्या नकळत जेम्स वॉटसन यांना दाखवले. त्यांच्या मोजमापांचे आकडे असलेला एक अंतर्गत अहवालही फ्रान्सिस क्रिक यांच्यापर्यंत पोहोचला. २५ एप्रिल १९५३च्या ‘नेचर’मध्ये वॉटसन-क्रिक यांचे प्रारूप आणि सोबत विल्किन्स व फ्रँकलिन यांच्या गटांचे निबंध प्रसिद्ध झाले. आपल्या आकड्यांचा त्या प्रारूपात किती वाटा होता, याची पूर्ण कल्पना फ्रँकलिन यांना कधीच देण्यात आली नाही.

त्याआधीच, मार्च १९५३मध्ये त्या बर्कबेक कॉलेजात जे. डी. बर्नाल यांच्याकडे गेल्या होत्या. तिथे तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूची रचना त्यांनी उलगडली. अ‍ॅरन क्लूग हे त्यांचे तिथले सहकारी. १९५६मध्ये फ्रँकलिन यांना अंडाशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया आणि उपचारांच्या मधल्या काळातही त्या प्रयोगशाळेत येत राहिल्या. १६ एप्रिल १९५८ रोजी वयाच्या ३७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्समधील जागतिक प्रदर्शन खुले झाले. त्यात त्यांच्या विषाणूचे प्रारूप मांडलेले होते.

१९६२मध्ये वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल मिळाले. हा पुरस्कार मरणोत्तर दिला जात नाही. क्लूग यांना १९८२मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बर्नाल यांनी लिहिलेल्या मृत्युलेखात फ्रँकलिन यांच्या कार्बनवरील कामाचा आवर्जून गौरव होता. समाधीच्या दगडावर मात्र उल्लेख आहे तो विषाणूंच्या संशोधनाचा. डीएनएचा नाही आणि कार्बनचाही नाही.

या संशोधनाचा बॅटरीशी संबंध काय?

रिचार्ज होणारी बॅटरी चार्ज करताना लिथियमचे आयन धन इलेक्ट्रोडमधून निघतात आणि ऋण इलेक्ट्रोडमध्ये जाऊन बसतात. वापरताना ते परत फिरतात. त्यांना बसायला-उठायला सोयीची जागा देणे हे ऋण इलेक्ट्रोडचे काम. फ्रँकलिन यांच्या निधनानंतर तेहतीस वर्षांनी, १९९१मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. त्या पहिल्या बॅटरीत ऋण बाजूला कोकसारखा सॉफ्ट कार्बन होता. पुढे ग्राफाइटने त्याची जागा घेतली. ग्राफाइटच्या थरांमध्ये दर सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम बसतो. त्यावरून ग्राफाइटची सैद्धांतिक क्षमता निघते प्रतिग्रॅम ३७२ मिलिअँपिअर-तास. 

बॅटरीसाठीचे कृत्रिम ग्राफाइट कसे बनते? पेट्रोलियमपासून मिळणारा कोक ३००० अंशांच्या आसपास भट्टीत तापवून. कच्चा माल चुकीच्या गटातला निवडला तर कितीही वीज जाळून ग्राफाइट मिळणार नाही. भट्टी पेटवण्यापूर्वीच हे सांगता येते, कारण त्याचे उत्तर १९५१च्या निबंधात आहे.

सोडियमला ग्राफाइट का चालत नाही?

लिथियम मोजक्या देशांत सापडते, तर सोडियम मिठात असते. त्यामुळे सोडियम-आयन बॅटरीचे आकर्षण मोठे आहे. अडचण अशी की नेहमीच्या बॅटरीत सोडियम ग्राफाइटच्या थरांत जवळपास शिरतच नाही. सोडियमचा आयन लिथियमपेक्षा मोठा आहे म्हणून असे होते, असे अनेकदा सांगितले जाते. ते अपुरे आहे. सोडियमपेक्षाही मोठा पोटॅशियम ग्राफाइटमध्ये जातो. खरे कारण हे की सोडियम आणि ग्राफाइट यांचे संयुग स्थिर राहत नाही.

२०००मध्ये कॅनडातील डलहौसी विद्यापीठात डी. ए. स्टीव्हन्स आणि जेफ डॅन यांनी ग्लुकोज, म्हणजे साखरच, जाळून केलेला हार्ड कार्बन वापरून पाहिला. त्यात प्रतिग्रॅम सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास एवढे सोडियम साठले. ग्राफाइट होण्यात नापास झालेला दुसऱ्या गटातला कार्बन इथे उपयोगी पडला होता. विस्कळीत पापुद्र्यांमधले वाढीव अंतर आणि नॅनोमीटर मापाची छिद्रे सोडियमला जागा देतात. आज हार्ड कार्बन नारळाच्या करवंटीपासूनही बनवतात.

सोडियम आधी थरांमध्ये जाते की छिद्रांमध्ये, यावर संशोधकांत अजून वाद आहे. त्याचा निकाल लावण्यासाठी ते एक जुनेच मोजमाप करतात. हार्ड कार्बनची घनता हेलियमने मोजायची आणि हेलियमही पोहोचू शकत नाही अशी बंद छिद्रे किती आहेत ते काढायचे. फ्रँकलिन यांनी युद्धकाळात कोळशावर केलेल्या प्रयोगांचे हे थेट पुढचे पाऊल आहे.

फ्रँकलिन यांचे चित्र पूर्ण बरोबर होते का?

पूर्ण नाही. त्यांच्या प्रारूपात सगळे पापुद्रे सपाट होते. आपसांतले बंध एवढे टिकाऊ का, याचे समाधानकारक उत्तरही त्यात नव्हते. १९८५मध्ये कार्बनच्या ६० अणूंचा पोकळ चेंडू सापडला आणि १९९१मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या निबंधानंतर कार्बन नॅनोनळ्यांकडे जगाचे लक्ष गेले. षटकोनांच्या जाळीत मध्येच पंचकोन आला की कार्बनचा थर वाकतो, हे त्यातून ठसले. १९९७मध्ये ब्रिटनमधील पीटर हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्याने अतितापवलेला हार्ड कार्बन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात वाकलेले, बंद झालेले थर दिसले. असे वाकलेले तुकडे सपाट रचले जाऊच शकत नाहीत, म्हणून ग्राफाइट होत नाही, अशी मांडणी त्यांनी केली. म्हणजे कारणाचा तपशील सुधारला, पण दोन गटांची विभागणी कायम राहिली.

नॅनोनळ्या आणि ग्राफिन यांचा आज बॅटरीत मोठा उपयोग होतो तो इलेक्ट्रोडमध्ये थोड्या प्रमाणात मिसळून वीजवहन सुधारण्यासाठी. आयन साठवण्याचे मुख्य काम अजूनही ग्राफाइट आणि हार्ड कार्बनच करतात.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

पुण्यातील केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने डिसेंबर २०२३मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. पुण्यातील ‘आयसर’ ही संस्था त्यात सहभागी होती. त्याआधी २०२१च्या अखेरीस मुंबईच्या रिलायन्स समूहाने फॅराडियन ही ब्रिटिश सोडियम बॅटरी कंपनी विकत घेण्याची घोषणा केली होती. फॅराडियनच्या बॅटरीतही ऋण बाजूला हार्ड कार्बनच आहे.

सोडियम बॅटरीसमोर अडचणी आहेत. तेवढ्याच वजनात ती लिथियमपेक्षा कमी ऊर्जा साठवते. पहिल्याच चार्जिंगमध्ये काही सोडियम हार्ड कार्बनमध्ये अडकून कायमचे वाया जाते. हे नुकसान कमी करायचे तर कोणता कच्चा माल घ्यायचा, किती तापवायचा, छिद्रे कितपत मिटू द्यायची, हे ठरवावे लागते.

हे सगळे प्रश्न मुळात फ्रँकलिन यांचे आहेत. डीएनएच्या कथेत त्यांच्यावर अन्याय झाला हे खरेच आहे आणि ते सांगितलेही पाहिजे. पण फक्त तेवढेच सांगत राहिलो तर त्या कायम दुसऱ्यांच्या यशातला हुकलेला वाटा म्हणूनच लक्षात राहतील. कार्बनमध्ये त्यांचे स्वतःचे, नावावर नोंदलेले, कोणी वाद न घातलेले यश आहे. त्याची आठवण बॅटरीच्या निमित्ताने तरी व्हायला हवी.